आधी पाटी, मग चित्र

चित्र ही पाहण्याची वस्तू आहे, असा एक समज समाजात फार पूर्वीपासून रुजलेला आहे. तो दूर करण्यासाठी अनेक संस्थांनी आपापल्या परीने हातपाय हलवले, परंतु निर्विवाद यश मिळालं ते आमच्या कलादालनाला. या यशाची साद्यंत हकिकत नोंदवून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो. (दालनातल्या चित्रांशेजारच्या पाट्यांवरचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मानाचं काम आहे. मानाचं म्हणजे काय, हे वाचकांनी समजून घ्यावं.)

आमचं जुनं दालन वाईट होतं असं नाही. भिंती होत्या, दिवे होते, भिंतींवर चित्रं होती. पण मॅडमचं, म्हणजे आमच्या संचालिकाबाईंचं, म्हणणं असं पडलं की तिथे चित्रांमुळे मोकळं वाटत नाही. त्यांनी रीतसर पाहणी करवून घेतली. तीत असं आढळलं, की येणाऱ्या शंभर लोकांपैकी चाळीस उन्हातून आडोशाला येतात, पंचवीस स्वच्छतागृहासाठी येतात, तीस चित्रकारांचे नातेवाईक असतात आणि चार जणांना शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जायचं असतं. उरलेला एक नुसता चित्रं पाहायला येतो. (त्याच्यावर पहारेकऱ्याचं लक्ष असतं.) एवढ्या रसिकांना जुनी जागा अपुरी पडते, असा निष्कर्ष निघाला आणि नवी जागा घ्यायचं ठरलं.

नवी जागा म्हणजे पूर्वीचं टायरांचं गोदाम. आत पाऊल टाकलं की रबराचा वास नाकात ठाण मांडून बसे. तो घालवायला आधी फिनेल झालं, मग सुगंधी मेणबत्त्या झाल्या. शेवटी रबर, फिनेल आणि मेणबत्त्या यांनी आपसात तडजोड करून एक चौथाच वास काढला, तेव्हा माहितीपत्रकात 'वास्तूने जपलेली श्रमस्मृती' असं छापून तो प्रश्न निकालात काढण्यात आला. जमिनीवरचे काळे पट्टे घासून निघेनात; त्यांनाही स्मृतीत सामावून घेतलं. मागच्या सामानाच्या खोलीचं छत गळत होतं. त्याला काय म्हणावं हे मात्र कुणाला सुचलं नाही, म्हणून खाली बादली ठेवली. भिंतींना पांढरा रंग द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणता पांढरा, यावरून दोन विश्वस्त आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

उद्घाटनाला सामूहिक प्रदर्शन ठेवावं असं ठरलं. एकट्या चित्रकाराचं प्रदर्शन पडलं तर ते त्याच्याच डोक्यावर पडतं. नऊ जणांचं पडलं तर प्रत्येक जण उरलेल्या आठांकडे बोट दाखवू शकतो. शिवाय नऊ घरची माणसं आली की दालन आपोआप भरतं. प्रदर्शनाला नाव दिलं 'नऊ श्वास, एक भिंत'. (भिंती चार होत्या. पण चार म्हटलं की लोकांना खोली वाटते.)

या नऊ श्वासांपैकी एक म्हणजे माझी थोरली बहीण. मी वशिला लावला असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो: आठ जण आधीच ठरले होते आणि 'आठ श्वास' हे मॅडमना दम्यासारखं वाटत होतं.

ताई घराच्या मागच्या खोलीत कित्येक वर्षं चित्रं काढते आहे. त्या खोलीवर भावजींचा डोळा होता. भावजी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात होते. ते निवृत्त झाले, पण खातं सुटलं नाही. घरात कुणी पाणी मागितलं तरी ते आधी तहानेचा पुरावा बघतात. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी घरात चालण्याचं विजेचं यंत्र आणलं. ते खोक्यातच पडून होतं, कारण मांडायला जागा नव्हती. (बाहेर रस्ता होता. पण रस्त्यावर चाललं की माणूस कुठेतरी पोचतो, हे त्यांना पसंत नव्हतं.) एके दिवशी जेवता जेवता त्यांनी अट घातली.

"हे बघ, मी काही अन्याय करणारा माणूस नाही. तुझं चित्र चार लोकांत भिंतीवर लागलं, तर ती खोली तुझी. मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही लागलं, तर यंत्र आत जाईल."

"आणि माझे रंग, फळ्या, कॅनव्हास?"

"ते खोक्यात भर. यंत्र काढल्यावर खोकं रिकामंच होणार आहे."

ताई बरं म्हणाली. तोवर ती कुणाच्या दारात चित्र घेऊन गेली नव्हती. त्या खोलीत ती माणसात असते, एवढंच तिला माहीत होतं, आणि खोली हातची जाईल म्हणून ती आमच्या दारात आली.

तिचं चित्र असं होतं: मागच्या खोलीची खिडकी, खिडकीखाली वेताची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पिवळा टॉवेल, आणि खिडकीच्या काचेत, जरा थांबून पाहिलं तर, हातात ब्रश धरून उभी असलेली एक बाई. (चित्राविषयी एवढं पुरे. आता महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू.)

महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाटी. प्रदर्शनाची आखणी ज्यांच्याकडे होती ते आमचे क्युरेटर कायम काळ्या कपड्यांत असतात आणि बोलताना हवेतली काहीतरी बारीक वस्तू चिमटीत धरतात. ती वस्तू कोणती, हे अद्याप कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी दुसरी पाहणी केली. तीत प्रेक्षक चित्रासमोर सरासरी दोन सेकंद थांबतो आणि पाटीसमोर अकरा सेकंद, हे सिद्ध झालं. पाटीत लिहिलंय ते चित्रात आहे का, हे बघायला पुन्हा चित्राकडे वळणारा अख्ख्या पाहणीत एकच निघाला. (त्याची दाढ दुखत होती. त्याला आधार हवा होता.) यावर एखादा उतावळा म्हणेल, की मग चित्रं सुधारा. संस्था अशा चालत नाहीत. लोक जे वाचतात ते मोठं करावं, हा सरळ हिशेब. म्हणून प्रत्येक पाटी तीन फूट उंच, दोन फूट रुंद, जाड अॅक्रिलिकची करायचं ठरलं.

पाट्या करणारा कारागीर निवडणुकीच्या कामात बुडालेला होता. त्याला मजकूर आधी हवा होता आणि चित्रं तर अजून यायची होती. साहजिकच नऊच्या नऊ पाट्या मी चित्रं न पाहता लिहिल्या. अनुभवाने सांगतो, हेच बरं पडतं. चित्र पाहून लिहायला बसलं की लेखणीला उगाच चित्राचं दडपण येतं.

ताईने चित्राचं नाव कळवलं होतं, 'मागची खोली'. क्युरेटरनी ते वाचून मान हलवली. "यात एक अडचण आहे," ते म्हणाले. "हे कळतं."

मी ती अडचण दूर केली. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'विस्थापित ओलाव्याचे स्थापत्य' असं नाव दिलं आणि खाली लिहिलं: 'प्रस्तुत कलाकृती घर या संकल्पनेची चौकट प्रश्नांकित करत असतानाच अवकाशाच्या अनुपस्थितीला उपस्थितीचा दर्जा बहाल करते.' क्युरेटरनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चिमटीतली वस्तू थरथरली.

"अप्रतिम," ते म्हणाले. "पण म्हणजे काय?"

"तेच तर," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही.

पाट्या आल्या आणि मागोमाग चित्रं आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडे घोड्याची कुणी फारशी वाट पाहत नव्हतं. क्युरेटर प्रत्येक पाटीसमोर चित्र धरून ताळा बघत होते. ताईच्या चित्राशी ते थबकले.

"पाटीत ओलावा आहे," ते म्हणाले. "चित्रात दिसत नाही."

"मग पाटी बदला," ताई म्हणाली.

"ताई, पाटी छापून झालीय. तुमचा रंग अजून ओला आहे."

हा बिनतोड मुद्दा होता. ताईने मला कोपऱ्यात ओढलं. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"मला कळेल असं लिहायला तुझी बोटं झिजणार होती का?"

"तुला कळून काय उपयोग, ताई? तू थोडीच प्रेक्षक आहेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी अशी बघायची तेव्हा पाठोपाठ धपाटा यायचा. या वेळी ती चित्र काखोटीला मारून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी, चित्रातल्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात ओल धरल्यासारखा एक करडा डाग काढून परत आली. डाग काढताना ती रडली होती, हे तिने सांगितलं नाही, भाचीने सांगितलं. क्युरेटर म्हणाले, "आता हे चित्र पाटीला न्याय देतं."

ताईचंच असं झालं असं समजू नये. एकाच्या पाटीत 'नि:शब्द' हा शब्द होता आणि त्याने नेमका ढोल रंगवला होता. त्याने ढोल खोडून त्याची उशी केली. दुसऱ्या एकाला आपली पाटी इतकी आवडली, की तिच्या तोडीचं आपल्या हातून होणार नाही म्हणून त्याने चित्र काढायचंच टाळलं. क्युरेटरनी जाहीरपणे त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं.

खरा पेच पडला तो टांगणीच्या दिवशी. पाट्या एवढ्या ऐसपैस निघाल्या, की त्या लावल्यावर भिंतीवर चित्रांना जागा उरेना. नाकापेक्षा मोती जड झाला. अशा वेळी अडाणी माणूस मोती लहान करतो. क्युरेटरनी सभा बोलावली आणि चित्रकारांपुढे निर्मळ मनाने दोन पर्याय ठेवले: पाटी कापायची, की चित्र तूर्त आत ठेवायचं? पाटीवर चित्रकाराचं नाव चार बोटं उंच अक्षरांत होतं. आठ जणांनी चित्र आत ठेवावं असं मत दिलं. (ज्याने चित्र काढलंच नव्हतं, त्याचा आवाज सर्वांत ठाम होता.)

"माझी पाटी कापा," ताई म्हणाली. "नाही तर काढूनच टाका. मला चित्र भिंतीवर लागायला हवंय. माझी अडचण आहे."

"सगळ्यांचीच असते," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "पण एकाचंच चित्र भिंतीवर लागलं तर बाकीचे आठ उघडे पडतील. समूह म्हटलं की थोडं सोसावं लागतं."

आठ विरुद्ध एक असा ठराव झाला. चित्रं दुसऱ्या टप्प्यात लावली जातील, अशी नोंद झाली. दुसरा टप्पा कधी, हे नोंदवलं नाही, कारण पहिला कधी संपणार ते ठरलं नव्हतं. सगळी चित्रं मागच्या सामानाच्या खोलीत गेली. ताईचं शेवटी नेलं, म्हणून दाराजवळ जागा उरली नव्हती. ते आत, बादलीच्या शेजारी टेकवलं. ताईने ते दोनदा उचलून दुसरीकडे ठेवलं आणि दोनदा कुणीतरी वाटेत येतंय म्हणून परत तिथेच नेलं.

उद्घाटन दिमाखात झालं. पांढऱ्या भिंती, त्यांवर नऊ पाट्या, प्रत्येक पाटीवर स्वतंत्र दिवा. काडीला टोचलेले चीजचे तुकडे फिरत होते. फीत कापायला आलेले प्रमुख पाहुणे पूर्वी पाणीपुरवठा मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे ओलाव्याशी त्यांचा जुना संबंध होता. ते एकेक पाटी मोठ्याने वाचत पुढे सरकले. ताईच्या पाटीपाशी ते थांबले, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या बाईंच्या रंगात जो ओलावा आहे, तो आमच्या काळात नळालासुद्धा नव्हता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटीबरोबर फोटो काढून घ्यायला रांग लागली. भिंतीवर चित्र नाही हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांच्या आलं असावं. पण शेजारचा काही म्हणत नाही तोवर आपण कशाला तोंड उघडा, एवढी सभ्यता आमच्या प्रेक्षकांत आहे. एका वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी ताईच्या 'निळ्या रंगाच्या संयत वापराची' दखल घेतली.

भावजी जरा उशिरा आले. त्यांनी वाचायचा चष्मा लावून पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, पाटीची कड बोटाने चाचपली आणि तिच्या मागे डोकावून पाहिलं. मग मला विचारलं, "चित्र कुठे आहे?"

"दुसऱ्या टप्प्यात," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा फुलला. दाव्यात खोट सापडली की तो असाच फुलत असे. ते काही बोलणार, एवढ्यात एक भारी साडीतल्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे मिस्टर ना? किती भाग्यवान आहात."

"मी पहिल्यापासून प्रोत्साहन दिलं," भावजी म्हणाले. "घरातली एक खोलीच दिली होती मी तिला."

ताई शेजारीच उभी होती. 'होती' हा शब्द तिने ऐकला. तिने त्यांचा हात धरला. "चला, चित्र मागे ठेवलंय. एकदा बघा. एकदाच बघा, आणि मग काय ते ठरवा."

"बघायचं काय आता त्यात?" भावजी म्हणाले. "वाचलं ना मी."

निकाल त्यांनी घरी गेल्यावर, पंख्याखाली बसून दिला. तो असा: अट चित्र भिंतीवर लागण्याची होती. चित्र लागलेलं नाही, सबब खोलीवरचा दावा फेटाळण्यात येतो. दुसरं असं, की चित्र न लावता जर इतकं नाव होत असेल, तर चित्राची गरज नाही. चित्राची गरज नसेल तर ते काढायच्या खोलीचीही नाही. "म्हणजे कुठूनही बघ," ते म्हणाले, "दोन्हीकडून प्रकरण मिटतंच."

"तुमच्या त्या यंत्रालाही एक पाटी करून घ्या," ताई म्हणाली. "मग चालायचीसुद्धा गरज पडणार नाही."

मी तिथे होतो. मला भावजींचा राग आला, आणि माझाही आला. परंतु हा लेख दालनाच्या गौरवार्थ असल्यामुळे तो राग इथे नोंदवून बाजूला ठेवतो.

यंत्र मागच्या खोलीत गेलं. भावजी त्यावर पहिला आठवडा चालले. हल्ली त्यावर कपडे वाळतात. रंग खोक्यात आहेत. चित्र परत आणायला ताई दालनात गेली, तेव्हा बादली भरून वाहिली होती आणि खालची कड पाण्यात भिजून ओल अर्ध्या चित्रापर्यंत चढली होती. क्युरेटरना भरून आलं. पाटी अक्षरश: खरी ठरल्याचा त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला प्रसंग. मॅडमनी पुढच्या प्रदर्शनासाठी ताईला लगेच निमंत्रण दिलं आणि काही आणायची तसदी घेऊ नये, नाव तेवढं कळवावं, असंही प्रेमाने सांगितलं. ताईने नाव कळवलेलं नाही. चित्र यंत्राच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभं आहे. ती सध्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जेवणं आटोपल्यावर, काहीतरी काढत असते. काय काढते ते तिने मला दाखवलेलं नाही. मी लिहीन, अशी तिला भीती वाटते.

इथवर आलेल्या सहृदय वाचकांना ताईचा कळवळा आला असेल. भावजींना, क्युरेटरना आणि बहुधा मलाही चार शब्द सुनवावेत असं वाटत असेल. अवश्य सुनवा. त्याआधी एकच विचारतो. ते चित्र मी तुम्हाला सुरुवातीलाच दाखवलं होतं, चांगलं एक अख्खं वाक्य. त्यातल्या खुर्चीवर टॉवेल होता, तो कोणत्या रंगाचा? आणि त्या चित्रात एक बाई होती. ती कुठे उभी होती? मागे जाऊन पाहू नका, तसं कुणीच पाहत नाही.

आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. 'विस्थापित ओलाव्याचे स्थापत्य' हे मात्र तोंडपाठ झालंय ना? मग झालं. आमच्या प्रदर्शनाला भेट दिल्याबद्दल आभारी आहोत.